कोमट पिशवी

थेंबे हे त्याचं आडनाव नव्हतं. आमच्या हॉस्पिटलात कित्येकांना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एकदा तर ऑफिसातून त्याच्या रजेचा कागद 'थेंबे' याच नावाने आला आणि त्याने त्यावर तशीच सही ठोकली.

हृदयाचं ऑपरेशन करताना हृदय थांबवतात. तेवढा वेळ एक यंत्र माणसाचं रक्त फिरवतं आणि त्यात प्राणवायू मिसळतं. ते यंत्र चालवणारा तो पंपवाला. ऑपरेशन आटोपून हृदय पुन्हा चालू लागलं की यंत्राच्या टाकीत आणि नळ्यांत बरंच रक्त उरतं. आमच्याकडचे आधीचे पंपवाले त्यातलं थोडंफार परत द्यायचे आणि बाकीचं ओतून जेवायला जायचे. थेंबे तसा नव्हता. तो मागून सलाइन सोडायचा, नळ्या एकेक करून वर धरायचा, चिमटीने दाबत रक्त पुढे सरकवायचा आणि टोकाला फिकट गुलाबी पाणी येईपर्यंत पिशव्या भरत राहायचा. थेंबे थेंबे तळे साचे, असं कुणीतरी गमतीने म्हणालं आणि तेव्हापासून तो थेंबे झाला.

मी ऑपरेशननंतरच्या वॉर्डात नर्स होते. आठ बेड, आठ पडदे आणि भिंतीवर सात मिनिटं मागे चालणारं एक घड्याळ. आधी मी त्याला अहो-जाहो करायचे. आता करत नाही, आणि या लिखाणातही करणार नाही. त्याचं जे चांगलं होतं ते मी आधी सांगून टाकते, म्हणजे मी आकस धरला असं नंतर कुणी म्हणायला नको. तो कधी उशिरा आला नाही. पेशंटच्या नातेवाइकांवर कधी डाफरला नाही. बायको लवकर गेली, एकट्याने मुलगी वाढवली. आणि त्याच्यामुळे शेकडो माणसांना परक्याचं रक्त घ्यावं लागलं नाही, आपलंच आपल्याला परत मिळालं. हे सगळं खरं आहे.

त्याची एक पद्धत होती. भरलेली पिशवी तो ट्रेमध्ये ठेवून पाठवत नसे. गाऊनच्या आत, पोटाशी, कमरेच्या पट्ट्यात खोचून स्वतः वॉर्डात घेऊन यायचा. रक्त थंड झालं की पेशंट कुडकुडतो, म्हणायचा. ती पिशवी हातात घेतली की कोमट लागायची, नुकत्याच झोपेतून उठलेल्या लेकरासारखी. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला लाज वाटते.

पण पिशवीवर तो नाव लिहीत नसे. कधीच नाही. मी नवीन असताना एकदा विचारलं होतं, तेव्हा तो हसला होता. माझ्या पोटावरून थेट पेशंटच्या अंगात जाते, मध्ये कोण येतं, असं त्याचं म्हणणं. पंपावर दुसरा माणूस असला तरी यंत्र रिकामं करायचं काम थेंबेचंच. दुसऱ्या पंपवाल्याला आम्ही मुक्या म्हणायचो, कारण त्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघाले तरी पुष्कळ. मुक्या पंप चालवायचा, आणि शेवटी थेंबे येऊन त्याला कोपराने बाजूला करायचा. इतकी वर्षं एकही चूक झाली नाही म्हटल्यावर कुणी त्याला काही बोलेना. मीही बोलले नाही. लेबल नसलेली पिशवी मी शेकडो वेळा लावली. माझी चूक होतीच, आणि ती मी कधी नाकारली नाही.

त्या दिवशी दोन्ही थिएटरांत ऑपरेशनं होती. एकीकडे बेकरी चालवणारी एक बाई, दुसरीकडे एक घड्याळजी. घड्याळजी आदल्या दिवशीच माझ्या ओळखीचा झाला होता. बेडवर पडल्या पडल्या त्याने आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे असं पाहिलं होतं की जणू त्या घड्याळाचंच ऑपरेशन करायला हवं. बरा झालो की पहिलं काम हे, असं म्हणाला. त्याची बायको पायाशी बसून हसली होती.

दोन्ही ऑपरेशनं दहा मिनिटांच्या फरकाने आटोपली. बेकरीवाली तीन नंबरवर आली, घड्याळजी चार नंबरवर. थेंबेने दोन्ही यंत्रं रिकामी केली आणि दुपारी वॉर्डात आला तेव्हा गाऊनखाली दोन पिशव्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काहीतरी मी त्याला चिडवलं. तो गडबडीत होता. घड्याळजीचं ब्लड प्रेशर खाली चाललं होतं. थेंबेने उजवीकडची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"ही चारची. दाबून सोडा, सिस्टर."

दाबून म्हणजे पिशवीभोवती पट्टा गुंडाळायचा आणि हवा भरायची, म्हणजे रक्त भराभर जातं. मी तसं केलं. तो डावीकडची पिशवी घेऊन तीनपाशी गेला, पण बेकरीवालीची नळी तुंबली होती. ती मोकळी करण्यात त्याचा वेळ गेला, आणि त्या तुंबलेल्या नळीने ती बाई वाचली.

पंधरा मिनिटांत पिशवी संपली. प्रेशर चढायच्या ऐवजी आणखी उतरलं. लघवीची पिशवी लालसर दिसली. पंपानंतर लघवी थोडी गुलाबी येतेच, म्हणून मी आधी घाबरले नाही. मग ती कोऱ्या चहासारखी झाली. मी नळी बंद केली आणि डॉक्टरांना हाक मारली. त्या हाकेने थेंबेही वळला. त्याने रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, घड्याळजीकडे पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप आधी कमरेच्या उजव्या बाजूला गेला, मग डाव्या. ते मी पाहिलं. पिशव्यांची अदलाबदल झाली होती हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं.

डॉक्टर घड्याळजीभोवती धावपळ करत होते. थेंबे दुसरी, तशीच बिननावाची पिशवी घेऊन मागच्या धुण्याच्या खोलीत गेला. मी नळाचा आवाज ऐकला. औषध आणायला गेले तेव्हा दारातून दिसलं: बेसिनमध्ये लाल पाणी गरगरत खाली जात होतं. रक्ताचा थेंब वाया न घालवणारा माणूस अख्खी पिशवी ओतत होता. रिकामी पिशवी मी पेशंटच्या स्टँडवरून काढून ट्रेमध्ये ठेवली होती. मी परत आले तर ट्रे तिथेच होता, पिशवी तिथेच होती, आणि पिशवीवर लेबल होतं. थेंबेच्या गोलगोल अक्षरात. नाव बेकरीवालीचं, बेड नंबर तीन.

म्हणजे पिशवीवर नाव स्पष्ट लिहिलेलं होतं आणि नर्सने न वाचता ती भलत्या माणसाला लावली, असं झालं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो घड्याळजीचे पाय चोळत होता.

घड्याळजीची किडनी बंद पडली. तिसऱ्या दिवशी तो गेला. बायकोला कुणीतरी सांगितलंच होतं की नर्सने चुकीचं रक्त चढवलं. ती ओरडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मला मूल आहे का ते विचारलं. एक मुलगा आहे, मी सांगितलं.

"त्याला काही होऊ नये," ती म्हणाली. "पण होईल असं तुला रोज वाटत राहावं."

ती गेली. मला तेव्हापासून रोज वाटतं. मुलगा आज दोन पोरांचा बाप आहे, तरी फोन वाजला की उचलायच्या आधी मला त्याचाच चेहरा दिसतो. शाप वगैरे मी मानत नाही. पण त्या बाईने मोजून मापून शिक्षा दिली, आणि ती चुकीच्या पत्त्यावर दिली. मी तिच्या घराच्या रस्त्यापर्यंत दोनदा जाऊन परत आले. काय सांगणार होते? मी नाही, तो, असं? दोष ढकलणारी बाई कशी दिसते ते मला ठाऊक आहे.

चौकशी झाली. टेबलापलीकडे मोठे सर्जन, म्हणजे आमचे साहेब, मेट्रन आणि ऑफिसचा एक माणूस. टेबलावर ती पिशवी, पारदर्शक कागदात गुंडाळलेली. मी ती रात्रंदिवस डोळ्यांसमोर आणली होती, म्हणून मला सांगता आलं. भरलेली पिशवी फुगलेली असते. तिच्यावर लेबल चिकटवलं आणि मग ती रिकामी झाली, की प्लास्टिक आक्रसतं आणि कागदाला सुरकुत्या पडतात. प्रत्येक वेळी पडतात. या लेबलावर एकही सुरकुती नव्हती. इस्त्री केल्यासारखं सपाट. ते रिकाम्या पिशवीवर लावलं होतं. मी त्यांना दुसरी पिशवी आणून, पाणी भरून, लेबल लावून, रिकामी करून दाखवायला तयार होते.

साहेबांनी थेंबेकडे पाहिलं. थेंबे शांत होता. सुरकुत्यांना काही अर्थ नसतो, तो म्हणाला, कधी पडतात, कधी नाही. 'ही चारची' असं मी म्हणालोच नाही, आणि इतकी वर्षं नाव लिहितोच, सगळ्यांना विचारा. मुक्याला विचारलं. मुक्या जमिनीकडे पाहत म्हणाला की त्याचं लक्ष नसतं. बस. त्या दिवशीचे त्याचे चार शब्द तिथे संपले. दुसऱ्या पिशवीचं काय झालं, असं मी विचारलं. त्यात गुठळ्या झाल्या होत्या म्हणून टाकली, थेंबेने सांगितलं, आणि मला म्हणाला, सिस्टर, माणसाकडून चूक होते, मान्य केली की हलकं वाटतं. हे तो सगळ्यांसमोर म्हणाला. गळ्यात दुःख आणून म्हणाला.

नंतर साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. ते काही दुष्ट नव्हते. ते हिशेबी होते.

"तू खरं बोलत असशील," ते म्हणाले. "पण असा पंपवाला मला दुसरा मिळणार नाही. नर्सा चाळीस आहेत."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी आरामात, चहा पीत देतात. मला कपडेखान्यात टाकलं. सोडून का गेले नाही, असं माझी बहीण विचारायची. कुठे जाणार? जिथे जाईन तिथे माझ्याआधी त्यांचं पत्र पोचणार होतं. नऊ वर्षं मी चादरी मोजल्या आणि थिएटरचे गाऊन घड्या घालून रचले. थेंबेचा गाऊन ओळखू यायचा. पोटाशी, पिशवी जिथे खोचतात तिथे, पुसट तपकिरी वर्तुळ असायचं. ते धुऊन जात नसे. मी एकदा तो गाऊन कात्रीने कापून टाकला. दुसरा आला, त्यावरही तेच.

थेंबे निवृत्त झाला तेव्हा त्याचा फोटो थिएटरच्या वाटेवर लावला. मुक्या मोठा पंपवाला झाला. त्याने पहिल्याच दिवशी नियम काढला: पिशवी भरल्या भरल्या लेबल, दोघांनी मोठ्याने वाचायचं, रिकामी पिशवी संध्याकाळपर्यंत स्टँडवरच ठेवायची. या नियमाचं कारण तो कुणाला सांगत नसे. नर्सा कमी पडल्या तेव्हा मला पुन्हा वॉर्डात घेतलं, ते त्याच्याच शब्दावर, असं मला नंतर कळलं. मी त्याचे आभार मानले नाहीत. नऊ वर्षांनी दिलेली साक्ष माझ्या काय कामाची?

आणि मग गेल्या साली थेंबे आला. पेशंट म्हणून. छातीत दुखत होतं, तीन शिरा बंद. दुसरीकडे जायला तयार नव्हता. मला पाहून त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग म्हणाला, अरे वा, सिस्टर, अजून इथेच? जणू आम्ही एका चाळीत राहत होतो. मुक्याला त्याने तीनदा बजावलं की माझं उरलेलं टाकायचं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

ऑपरेशन चालू असताना त्याची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. शिक्षिका आहे, साधी, डोळे रडून सुजलेले. तिला बापाबद्दल बोलायचं होतं. बाबा म्हणायचे, दुसऱ्याचं रक्त म्हणजे आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला औषधांचा वास यायचा आणि तो तिला आवडायचा. मी ऐकत होते. मग ती म्हणाली, खूप वर्षांपूर्वी इथल्या एका निष्काळजी नर्सने एका माणसाला मारलं होतं, बाबांनी पिशवीवर नाव लिहिलेलं असूनही. बाबा कित्येक दिवस जेवले नव्हते. ती तुमच्या वेळचीच असेल, तुम्ही ओळखत होतात का तिला?

हो, मी म्हणाले. ओळखते.

खरं सांगते, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. मी त्याची चादर नीट घातली होती, नळ्या नीट लावल्या होत्या. तो फक्त खोटं बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. पण त्याने ते खोटं घरी नेलं होतं, पोरीला गोष्ट म्हणून सांगितलं होतं, आणि त्यात स्वतःला उपाशी ठेवलं होतं.

मुक्याने पिशवी दिली. लेबल होतं. आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं, नाव, नंबर, रक्तगट. सगळं बरोबर. त्याचंच रक्त, त्याच्याच नळ्यांतलं. प्रेशर ठीक होतं म्हणून डॉक्टरांनी तास-दोन तासांत हळूहळू द्यायला सांगितलं. मी ती लावली तेव्हा तो जागा होत होता. घशात श्वासाची नळी, तोंडावर पट्टी, ओढाताण करू नये म्हणून मनगटं मऊ पट्ट्यांनी बांधलेली. त्याचे डोळे उघडले आणि सवयीने वर, पिशवीकडे गेले. मग ते लेबल शोधू लागले.

मी पिशवी फिरवली. लेबल भिंतीकडे गेलं. मग त्याच्या कानाशी वाकले.

"लेबल आहे," मी म्हणाले. "नंतर लावलंय."

नर्सने असं करू नये, हे मला तुमच्या आधी कळतं. त्याचे डोळे मोठे झाले. नाडी अठ्ठ्याहत्तरवरून एकशे चोवीसवर गेली. बांधलेले हात पट्ट्या ओढू लागले. त्याला लघवीची पिशवी पाहायची होती, पण ती बेडला खाली टांगलेली असते, पडलेल्या माणसाला दिसत नाही. मग तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी वाकले, लघवीची पिशवी पाहिली, आणि चेहऱ्यावर काहीही न आणता सरळ उभी राहिले. लघवी स्वच्छ होती, पाण्यासारखी. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर नळीचा त्रास होतोय म्हणून सांगितलं. त्यांनी थोडं शांत करायचं औषध दिलं. त्याचे हात थांबले, डोळे थांबले नाहीत. एकेक थेंब खाली पडताना तो दोन तास पाहत राहिला. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

चार वाजता घशातली नळी काढली. हात सोडले. मुलीला आत घेतलं. ती त्याचा हात हातात घेऊन बाबा, बाबा करत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. घोगऱ्या आवाजात त्याचा पहिला शब्द आला.

"पिशवी."

मुलगी रडता रडता हसली. बघा, शुद्धीवर आले आणि पहिलं काम आठवलं, ती म्हणाली. मी स्टँडवरची रिकामी पिशवी काढून त्याच्या छातीवर ठेवली. त्याने नाव वाचलं नाही. डोळे मिटूनच अंगठा लेबलावरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, सावकाश. आणि त्याचा अख्खा चेहरा सैल पडला.

"सुरकुत्या आहेत," तो म्हणाला.

मग त्याचे डोळे उघडले. तो काय बोलून गेला ते त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होते. औषधं ठेवायच्या गाडीपाशी मुक्या उभा होता, त्यानेही ऐकलं होतं.

मुलीने डोळे पुसले.

"कसल्या सुरकुत्या?" तिने विचारलं.

थेंबेने मान हलवली. नाही, नाही, असं काहीतरी तो म्हणत होता, पण घसा सोललेला होता, आवाज फुटेना. डॉक्टरांनी त्याला दिवसभर न बोलायला सांगितलंय, मी मुलीला समजावलं. मग खुर्ची ओढून घेतली, तिच्या अगदी समोर बसले, आणि घड्याळजीपासून सांगायला सुरुवात केली.